एक नंबर मोठी

घरात सुनेला दिवस गेल्याची बातमी फुटली की तासाभरात कामांची वाटणी होते. सासूबाई शतावरी कल्पाचा डबा आणि त्यासोबतचा उपदेश यांचा ताबा घेतात. नणंद नावांची यादी करायला बसते आणि 'आर्यन नको गं, एका वर्गात पाच-पाच असतात' इथपर्यंत पहिल्याच संध्याकाळी पोचते. नवरा मोबाइलवर एक ॲप उतरवून घेतो. ते ॲप बाळ किती वाढलं हे दर आठवड्याला फळांच्या आणि भाज्यांच्या हिशेबात सांगतं. आधी वाटाणा, पुढं लिंबू, मग आंबा, मग वांगं, शेवटी कलिंगड. नवरा हे ऑफिसात इतक्या तपशिलानं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी नोकरी सोडून मंडईत गाळा घेणार.

सगळ्यांचं लक्ष पोटाकडं. पोटाला हात लावून बघणाऱ्या, पोटाला ऐकू जाईल अशा बेतानं रामरक्षा लावणाऱ्या, पोटाच्या आकारावरून भाकितं करणाऱ्या. मात्र हे पोट दिवसभर ज्यांच्या जिवावर हिंडतं, त्या पायांची विचारपूस करणारा इसम जगात एकच. चपलांच्या दुकानातला. आणि तोही 'नंबर काय?' एवढंच विचारतो.

आता हा प्रश्न साधा वाटेल. भाचीला सातवा लागला तेव्हा तिला घेऊन मी लक्ष्मी रस्त्यावर गेले. "पाच," ती ठामपणे म्हणाली. लग्नापासून पाचच होता. दुकानातल्या पोरानं पाच आणली. अंगठा आत गेला, बाकीच्या बोटांनी उंबऱ्यावरूनच नकार दिला. सहा आणली. लांबीला बरी, पण पट्टा पावलावर असा रुतला की काढल्यावरही त्याची नक्षी पायावर राहिली. सात आणली तर टाच मागं नांदायला मोकळी. चौथा डबा उघडला तेव्हा मालक गल्ल्यावरून उठून आले. त्यांनी पायाकडं पाहिलं, मग वर पोटाकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "ताई, सकाळी पाचच असणार. आत्ता सहा वाजलेत, म्हणून सहा. सात वाजायच्या आत घेऊन टाका."

मालकांनी विनोद केला असेल, पण शास्त्राला धरून केला. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास निम्म्यानं वाढतं. शरीर पाणी धरून ठेवतं. वाढलेलं गर्भाशय पायांकडून वर परतणाऱ्या रक्ताच्या वाटेवर ठाण मांडून बसतं. दिवसभर उभं राहिलं की ते पाणी घोट्यांशी उतरतं. म्हणून या दिवसांत चप्पल संध्याकाळीच घ्यावी. संध्याकाळी बसते ती सकाळी बसतेच, उलट होत नाही. (हेही इथंच सांगून टाकते : पावलं संध्याकाळी सुजणं वेगळं. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं चमकू लागलं किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर चपलेचा नंबर बदलत बसू नये. डॉक्टरांचा नंबर फिरवावा.)

सूज तरी पाहुणी असते, ती आपल्या पायांनी जाते. खरी मेख हाडांच्या जोडणीत आहे. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं गिनीपिगांवर प्रयोग करता करता एक संप्रेरक हुडकलं. त्याचं पुढं नाव पडलं रिलॅक्सिन. बाळाला वाट मिळावी म्हणून कटीचे सांधे सैल करणं हे त्याचं काम. पण रक्तातून फिरणाऱ्या संप्रेरकाला 'फक्त कटीला थांब' असं सांगता येत नाही, त्यामुळं त्याची कृपा तळपायाच्या बंधांवरही होते, असा जाणकारांचा तर्क आहे. त्यात वर दहा-बारा किलोंची भर. जुन्या बाजेची सुतळी ढिली व्हावी आणि नेमका त्याच आठवड्यात मामा मुक्कामाला यावा, तसं तळपायाच्या कमानीचं होतं. ती खाली बसते. कमान बसली की पाऊल पुढं सरकतं आणि बाजूला पसरतं.

हे बायका पिढ्यान् पिढ्या सांगत होत्या, आणि 'बाळंतपणात वजन वाढलंय, दुसरं काय' म्हणून घरचे उडवून लावत होते. २०१३ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या नील सेगल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ बायकांची पावलं रीतसर मोजली. एकदा गरोदरपणाच्या सुरुवातीला, एकदा बाळंतपणानंतर पाचेक महिन्यांनी. शंभरातल्या साठ-सत्तर जणींची पावलं लांबली होती, २ ते १० मिलिमीटर, आणि ती परत आखडली नव्हती. त्यातही हा फरक मुख्यतः पहिल्या खेपेला पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पाय म्हणतो, झालं तेवढं पुरे.

आपल्याकडं चालतो तो इंग्रजी नंबर, आणि त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. तो आला जवाच्या दाण्यावरून. एक जव, एक नंबर. जवावर माप बेतण्यात आपणही मागं नव्हतो. आपल्या जुन्या कोष्टकात आठ यवांचं एक अंगुळ. त्यांनी दाणा उभा धरला, आपण आडवा, एवढाच काय तो मतभेद. सांगायचं इतकंच की एक मूल झालं की पाय एका जवानं वाढू शकतो, आणि चपलांचा सबंध ताफा दानधर्मात निघू शकतो. घरच्या घरी खात्री करायची असेल तर ओल्या पायानं कोरड्या शहाबादी फरशीवर उभं राहावं. पूर्वी आतल्या बाजूला कोरडी खोबण दिसायची, तिथं आता अख्खं पाऊल उमटतं. पाहणारा म्हणतो, "अरे वा, लक्ष्मीची पावलं!" लक्ष्मीलाही बहुधा दोन-तीन मुलं झाली असावीत.

आता चालीबद्दल. पाय फाकवून, पावलं आखूड टाकत, किंचित डोलत चालण्याला घरातली टवाळ मंडळी बदकाची चाल म्हणतात. म्हणोत. २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तिघा संशोधकांनी दाखवून दिलं, की पोटातलं ओझं पुढं ओढू लागलं तरी बाईचा तोल ढळत नाही. ती पाठीचा बाक वाढवून तो सावरून घेते, आणि त्यासाठी कंबरेच्या मणक्यांची घडणच निराळी आहे. हा बाक पुरुषाच्या दोन मणक्यांत असतो, बाईच्या तीन मणक्यांत वाटलेला असतो. सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या सांगाड्यातही हा फरक सापडतो. म्हणजे निसर्गानं लाखो वर्षं खपून कंबरेची तजवीज केली, आणि पावलांचं काम मात्र चपलांच्या दुकानावर सोडून दिलं. दुकान म्हणतं, 'पाचपासून आठपर्यंत आहे, फिक्कट गुलाबी रंगात.'

तजवीज असूनही पडायला होतंच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत नोकरी करणाऱ्या बायकांना विचारलं, तर चौघींत एकीहून अधिक जणी गरोदरपणात निदान एकदा तरी पडल्या होत्या. तो देश सपाट फुटपाथांचा. आपल्याकडचा पेव्हर ब्लॉक कोणता पक्का आणि कोणता पाय ठेवताच खालचं पाणी घोट्यावर उडवणारा, हे तो बसवणाऱ्या कंत्राटदारालाही ठाऊक नसतं. त्यात डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. चालणं चांगलंच, आठवड्याला दीडशे मिनिटांचा हिशेब जगभर सांगतात. कुठं चालायचं ते कुणी सांगत नाही. आमची भाची सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या घालायची. वॉचमन प्रत्येक फेरीला उठून उभा राहायचा. शेवटी त्याचेच गुडघे दुखायला लागले.

गरोदर बाईच्या पायांतल्या वस्तूची सरकारदरबारी दखल घेतली गेल्याचं एक जुनं उदाहरण व्हेनिसचं आहे. तिथल्या प्रतिष्ठित बायका चोपीन नावाचे उंच तळाचे जोडे घालून मिरवत आणि तोल सांभाळायला आजूबाजूला दासी ठेवत. गरोदर बायका त्यावरून पडतात, बाळं दगावतात, म्हणून १४३० मध्ये तिथल्या महासभेनं फर्मान काढलं की जोडा तीन इंचांपेक्षा उंच नसावा. बायकांनी ते किती मनावर घेतलं? व्हेनिसच्या संग्रहालयात पुढच्या काळातली जोडी आहे, उंची जवळपास अर्धा मीटर. आपल्याकडं तर तेवढंही नाही. रामाच्या पादुकांना चौदा वर्षं सिंहासन मिळालं. गरोदर सीतेला वनात सोडलं तेव्हा तिच्या पायांत काय होतं, हे मला आजवर एकाही कीर्तनकारानं सांगितलेलं नाही.

आणि व्हेनिसला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. डोहाळेजेवणाला जाऊन पाहावं. फुलांचे दागिने, पुठ्ठ्याची चंद्रकोर, धनुष्यबाण, झोपाळा, आणि पैठणीच्या निऱ्यांखाली तीन इंचांची हील. फोटोग्राफर म्हणतो, "ताई, हील घाला, उंची छान येते." उंची फोटोत येते. पण साडी हील घालून नेसलेली असते. फोटो आटोपले, पाय ठणकायला लागले, की ताई हील झोपाळ्याखाली ढकलतात. मग तीच साडी चहूबाजूंनी तीन इंच लांब. निऱ्या पायात येतात, दोन्ही हातांत ओटीचं तबक, आणि पायांखाली मंगल कार्यालयाची नुकतीच पुसलेली मार्बोनाइट फरशी. पडायला लागणारं सगळं साहित्य इतक्या भक्तिभावानं एका जागी जमवलेलं मी दुसऱ्या कुठल्याही समारंभात पाहिलेलं नाही. यावर साधा तोडगा असा की साडी चपलेवर न नेसता अनवाणी नेसावी, घोट्याला टेकेल इतपतच. हा मी सांगितला. फोटोग्राफरनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच पुठ्ठ्याची आहे.

त्याच समारंभात पायांकडं बारकाईनं पाहणारी एक शाखा असते, पण तिचा हेतू निराळा. उठताना उजवा पाय आधी टाकला तर मुलगा, डावा टाकला तर मुलगी. १९९४ च्या कायद्यानं सोनोग्राफीवाल्याचं तोंड बंद केलंय, काकूंचं अजून नाही. भाची दोन्ही हात टेकून, सतरंजीवरून एकदम दोन्ही पायांवर उठली. काकू जुळ्यांपर्यंत येऊन थांबल्या.

घालायचं काय मग? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्था सांगते, टाच कमी उंचीची असावी पण अगदी सपाट नको, आणि तळव्याच्या कमानीला आधार असावा. ऐकायला सोपं. आता घरातला चपलांचा रॅक उघडा. बंदाची स्लिपर सगळ्यांत सोयीची, पण मागं पट्टा नाही, म्हणून ती निसटू नये यासाठी बोटं दिवसभर तिला धरून बसतात आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. कोल्हापुरी? तिच्याबद्दल वाकडा शब्द काढायची माझी हिंमत नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये प्रादानं मिलानला तिच्यासारखी चप्पल पुरुषांच्या पायांत घालून रॅम्पवर चालवली, तेव्हा कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत आपण सगळे एका सुरात भडकलो. पण नवी कोल्हापुरी आधी चावते, मग तिला तेल पाजायचं, मग ती माणसाळते. या नऊ महिन्यांत आणखी कुणाला माणसाळवत बसायला वेळ नसतो. शिवाय तिचा कातडी तळ ओल्या फरशीवर शब्द पाळत नाही. उरली ती दुकानात कोपऱ्यात टांगलेली, 'डॉक्टर चप्पल' या नावानं विकली जाणारी, मऊ तळाची, रुंद, मागं पट्टा असलेली, चिकटपट्टीनं सैल-घट्ट होणारी. रंग दोनच : तपकिरी आणि अधिक तपकिरी. ती घालून पाहिली आणि भाचीच्या चेहऱ्यावर आराम दिसला. मग तिनं आरशात पाहिलं. "मावशी, ही आजीची आहे." मी म्हटलं, "आजीला सात मुलं झाली. तिला कळत असणार."

चप्पल कितीही गुणाची असली तरी तिची खरी परीक्षा होते डॉक्टरांच्या दाराशी. आमच्या भागातल्या एका प्रसूतिगृहाच्या दारावर ठळक पाटी आहे : 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत.' शेजारी लोखंडी रॅक, त्याचा रिकामा कप्पा नेहमी सगळ्यांत खालचा. स्वच्छता हवी, मान्य. पण पोटामुळं ज्यांना स्वतःची पावलं दिसेनाशी झाली आहेत, नेमक्या त्याच बायकांना दिवसभर वाकायला लावणारी ही पाटी लिहिणाऱ्याला नववा महिना लागलेला नव्हता हे नक्की. पाच वाजता नंबर लावायचा. बाकावर पाय लोंबकळत अडीच तास बसायचं. आत डॉक्टर 'सगळं छान आहे' म्हणतात, बाहेर यायचं, आणि येताना बसलेली चप्पल जाताना बसत नाही. मग सुरू होतो शोध, तोही नजरेनं नव्हे, पायानं. एक बाई अंगठ्यानं चाचपत आपली चप्पल ओळखते. दुसरीच्या चपलेचा एक पाय उलटा पडलेला, आणि उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, म्हणून ती भिंतीला धरून तो पायाच्याच बोटांनी उलथवायचा प्रयत्न करते आहे. तिचा नवरा शेजारीच, मोबाइलमध्ये, बहुधा बाळाचं या आठवड्यातलं फळ बघत. कुणाच्या तरी सोबत आलेल्या एका नऊवारीतल्या आजी उठल्या. त्यांनी काठीच्या टोकानं ती चप्पल सरळ केली, पुढं सरकवली, आणि मग तीच काठी नवऱ्याच्या बुटावर हलकेच आपटली. "हं. वाका जरा."

वाकणारे नवरेही असतात. भाचीच्या नवऱ्यानं तिला चालायला म्हणून भारी स्पोर्ट्‌स शूज आणले. त्यांना नाडी असते हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. रोज संध्याकाळी तो जिन्याच्या तळाशी गुडघ्यावर बसून नाडी बांधायचा. वरच्या मजल्यावरच्या बायका हे दृश्य पाहून आपापल्या नवऱ्यांकडं पाहायच्या. सोसायटीतले पुरुष त्याच्याशी महिनाभर नीट बोलत नव्हते. त्यात त्याची गाठ शाळेतल्या एनसीसीची, एकदा बसली की सुटायची नाही. परत आल्यावर ती सोडवायला स्वयंपाकघरातली कात्री लागायची.

पायातल्या जोडव्यांचाही असाच एक तिढा झाला. आठव्या महिन्यात ती बोटात रुतली. काढावीत तर 'सौभाग्याचं लेणं', ठेवावीत तर बोट जांभळं. घरात कुजबुज सुरू झाली. आजेसासूबाईंनी खाटेवरूनच निकाल दिला, "नवरा धडधाकट बसलाय की समोर. साबण लाव आणि काढ." साबण लावला, बोटाला दोरा गुंडाळला, आणि जोडवी निघाली. आजेसासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी सोनाराकडून कापून आणायची."

शेवटच्या महिन्यात डॉक्टर चप्पलही पुरेना. भाची नवऱ्याचे आठ नंबरचे फ्लोटर्स घालून हिंडू लागली. दोन चिकटपट्ट्या, रुंद तळ, मागं पट्टा. जे तीन दुकानांत मिळालं नाही ते घरच्याच रॅकवर होतं, फक्त पुरुषांच्या कप्प्यात. तिचा नवरा महिनाभर ऑफिसचे चकचकीत बूट घालून दूध आणायला जात होता. गवळ्यानं शेवटी न राहवून विचारलं, "साहेब, रोजच इंटरव्ह्यू?"

मुलगी झाली. सूज ओसरली, चाल सरळ झाली. पाच नंबर मात्र परत आला नाही. तीन महिन्यांनी भाचीनं रॅक रिकामा केला : लग्नातल्या सोनेरी सँडल, एकदाच घातलेल्या मोजड्या, दिवाळीतली काळी हील. सगळ्या पाच नंबरच्या, जमिनीवर ओळीनं मांडलेल्या. तिच्या जावेचा पाय पाच. तिला हाक मारली. "घेऊन जा गं सगळ्या, नव्या आहेत."

जाऊबाई आल्या, सोनेरी सँडल उचलून पाहिल्या, पाय न घालताच परत ठेवल्या.

"राहू दे वहिनी. मलाही आता सहाच लागणार बहुतेक."

सासूबाईंच्या हातातला शतावरी कल्पाचा चमचा जागच्या जागी थांबला.